बट नंबर सतरा

४ नोव्हेंबर १९८६, मंगळवार

ही वही आमच्या कवायतीच्या गुलाब उस्तादांनी आणायला सांगितली. रायफलचे भाग, त्यांची नावं, कवायतीचे हुकूम, सगळं लिहून पाठ करायचं. ते पुढच्या पानांवर. शेवटच्या पानापासून उलटीकडून मी माझ्या गोष्टी लिहिणार आहे.

सौंसरला पहिल्यांदाच बायकांची होमगार्ड प्लाटून निघाली. आम्ही बावीस जणी. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून मी एकटी. फॉर्म माझ्या नवऱ्याने, उत्तमनीच आणून दिला. ते नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवतात. म्हणाले, "दहावी पास झाली, त्याचा काही उपेग तं होऊ दे."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, अठरा वर्षं महार पलटणीत होते. नायक होऊन घरी आले. मला वाटलं सर्वांत जास्त खुशी त्यांनाच होईल. त्यांनी ऐकलं, "हं" म्हणाले आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेले.

सुनेने खाकी पँट घातलेलं त्यांना आवडलं नसेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज रायफल हातात मिळाली. थ्री-नॉट-थ्री. वजन माझी पोरगी स्मिता महिन्याची होती तेवढं असेल. प्रत्येक रायफलच्या कुंद्यावर, म्हणजे बटवर, नंबर आहे, माझा सतरा. लोखंडावर १९४३ कोरलंय. लाकडाला एका जागी नवा तुकडा बसवलाय, धोतराला ठिगळ लावावं तसा. कुठली लढाई करून आली असेल कोण जाणे, आता सौंसरच्या बायांच्या हाती लागली.

मनकर्णा माझ्या बाजूला असते. तिच्या घरी कपाशी आणि थोडी संत्र्याची झाडं आहेत. ती म्हणाली, "अवं इंदू, हे तं आमच्या मुसळापेक्षा हलकं हाय." आणि एका हाताने उचलून दाखवली. उस्तादांनी तिला मैदानाला दोन चक्कर मारायला लावले.

१६ नोव्हेंबर, रविवार

नेम धरणं शिकलो. रेतीच्या पोत्यावर रायफल टेकवून पालथं झोपायचं, कुंदा उजव्या खांद्यात दाबायचा, डावा डोळा मिटायचा. नळीच्या टोकाला माशी असते, ती मागच्या खाचेत बसवून टारगेटच्या काळ्या गोलाखाली आणायची.

माझा डावा डोळा मिटला की माशी आणि टारगेट दोन्ही धुरकट होतात, चुलीच्या धुरातून पाहावं तसे. उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "पहले पहले सबको ऐसाच लगता है बाई. प्रॅक्टिस करो."

बरोबरच आहे. दोन डोळ्यांनी पूर्ण दिसतं तर एका डोळ्याने अर्धंच दिसणार. सरळ हिशोब आहे.

रात्री जेवताना हे मी उत्तमना सांगत होते. मामाजी अर्धी भाकर टाकून ताटावरून उठले. भाजीत मीठ जास्त झालं असावं, पण उत्तमना तर काही लागलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पहिली चांदमारी. बोरगावच्या वाटेवर टेकडीच्या पोटाशी मैदान आहे. पाच पाच गोळ्या. काडतुसाच्या बुडावर सन छापलेलं असतं, माझ्या काडतुसांवर ५८ होतं. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी हातात घेऊन मनातल्या मनात ताई म्हटलं.

आवाज इतका मोठा असेल वाटलं नव्हतं. धक्का तर गाईने शिंग मारल्यासारखा. पण मी घाबरले नाही, हे इथे लिहून ठेवते. पाचही गोळ्या झाडल्या. टारगेटवर एकही नव्हती. मनकर्णेच्या चार होत्या.

नंतर काडतुसांची रिकामी खोकी मोजली तर एक कमी. जितक्या गोळ्या तितकी खोकी परत जमा झाली पाहिजेत, तेव्हाच पुढच्या गोळ्या मिळतात. मनकर्णा म्हणाली, "एका खोक्यासाठी एवढं काय उस्ताद? माह्या काकाच्या बारा बोरच्या बंदुकीचं खोकं तं घरीच चार चार डाव भरतात. दारू टाका, छर्रे टाका, झालं."

उस्ताद म्हणाले, "हे सरकारी हाय. तू याले घरी भरशील तं सरकार तुले भरीन. जेलात."

आम्ही बावीस बायका गुडघ्यांवर रांगत गवत चाचपत होतो. अर्ध्या तासाने खोकं मनकर्णेच्याच दुमडलेल्या बाहीत सापडलं. आणखी दोन चक्कर.

खांदा निळा झालाय. उत्तमनी हळद-तेल लावलं.

६ डिसेंबर, शनिवार

सहा डिसेंबर म्हणजे होमगार्डचा स्थापना दिवस, आणि आपल्या बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. सकाळी परेड, संध्याकाळी विहारात वंदना. मी पांढरी साडी पिशवीत घेऊनच परेडला गेले होते, पण परेड लांबली. शेवटी खाकीतच विहारात शिरले. मला वाटलं कोणी काही बोलेल. दोघी-तिघी बोलल्याही. पण मामाजी पुढे बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि सरकून शेजारी जागा केली.

१४ डिसेंबर, रविवार

दुसरी चांदमारी. दहा गोळ्या. टारगेटवर एक, तीही माझ्या नाही, मनकर्णेच्या टारगेटवर. तिच्या दहाच्या अकरा झाल्या आणि सगळ्या हसल्या.

उस्ताद हसले नाहीत. बाजूला बोलावून म्हणाले, "इंदूबाई, तू आवाज से डरती है. घोडा दबाते वखत आंख मीच लेती है."

"नाही उस्ताद, मी उघडीच ठेवतो."

"सब यही बोलते हैं."

अठरा जानेवारीला कंपनी कमांडर साहेबांसमोर शेवटची चांदमारी आहे. दहापैकी सहा टारगेटवर बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर नाव कटणार आणि वर्दी परत.

येताना बसमध्ये मनकर्णा माझा हात धरून बसली होती. मी रडले नाही. घरी आल्यावर मोरीत जाऊन रडले.

उत्तमनीही विचारलं, "खरंच भ्या वाटते का इंदू? वाटत असंन तं सांग, त्यात काय." मी नाही म्हटलं. पण आता मलाच समजत नाही. माणसाला आपली भीती स्वतःला माहीत नसते असंही असेल. मी भित्री असेन आणि मलाच माहीत नसेल.

१७ डिसेंबर, बुधवार

मामाजींचं काहीतरी बिनसलंय. मी अंगणात वेळूची काठी खांद्याला लावून भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरत होते. ते बाजेवर बसून बराच वेळ पाहत राहिले. मग अचानक "इंदू!" म्हणून हाक मारली आणि माझ्याकडे एक संत्रं फेकलं. मला झेलता आलं नाही. दुसरं फेकलं. तेही नाही. तिसरं हळूच फेकलं, ते माझ्या हाताच्या चार बोटं अलीकडेच पडलं.

स्मिता टाळ्या वाजवत होती. मामाजी संत्री वेचून आत गेले. सुनेची मस्करी करण्याचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज त्यांनी पिशवी शिवायला मला सुई ओवायला सांगितली. ते स्वतः ओवू शकतात, परवाच सदऱ्याची बटणं लावली. मी नेहमीसारखी मान तिरपी करून ओवली. ते सुई सोडून माझ्या तोंडाकडेच पाहत होते.

मग म्हणाले, "लग्नाच्या फोटोतही तुही मान अशीच हाय."

हो. फोटोवालाही सारखा "मान सरळ ठेवा बाई" म्हणत होता. आता यात माझं काय चुकलं?

२१ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

सकाळी मामाजींनी मला अंगणाच्या या टोकाला उभं केलं. त्या टोकाला निंबाखाली स्मिता, हातात परातीतली संत्री. मला म्हणाले, "डावा डोया झाक. पोट्टीच्या हातात किती संत्रे हायेत?"

"हे काय मामाजी?"

"सांग."

मला नारिंगी रंगाचा एक डाग दिसत होता. मी म्हटलं, "एका डोळ्याने कसं दिसणार? काहीतरी आहे एवढं दिसते."

"आता उजवा झाक."

तीन संत्री. एकाच्या देठाशी हिरवा चट्टा होता, तोही दिसला. स्मिताच्या फ्रॉकचं तुटलेलं बटणही.

मामाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आपला डावा डोळा तळहाताने झाकला. "मले तीन दिसून राह्यले, इंदू. माह्या त्रेसष्ट वर्साच्या डोयानं. सगळ्याइले एका डोयानंही तीनच दिसतात."

मी विश्वास ठेवला नाही. उत्तमना उठवून आणलं, त्यांचा डावा डोळा झाकला. तीन. शेजारच्या शकुंतलाबाई पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांची घागर उतरवली आणि डोळा झाकायला लावला. तीन. त्यांना वाटलं मला बाधा झाली.

सव्वीस वर्षं मी समजत होते की एक डोळा मिटला की सगळ्यांचंच जग असं होतं.

उत्तम घाबरले, डोळ्याला काय झालं म्हणून. पण मला मात्र हसू येत होतं आणि रडूही. मी भित्री नाही. मी घाबरत नव्हते. मला दिसत नव्हतं!

२४ डिसेंबर, बुधवार

पांढुर्ण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी, उत्तम आणि मामाजी. डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. डाव्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. उजव्याने वरचं मोठं एक अक्षर, तेही अंदाजाने.

ते म्हणाले, हा डोळा लहानपणापासून आळशी आहे. दुसरा चांगला असल्याने मेंदूने याच्याकडून काम घेणंच सोडलं. लहान असताना कळलं असतं तर सुधारला असता, आता चष्म्यानेही फार फरक पडणार नाही. अंतराचा अंदाजही त्यामुळेच चुकतो. मग ते म्हणाले, "पण डावा डोळा पहिल्या नंबरचा आहे बाई. जपा."

येताना उत्तम म्हणाले, "म्हणजे आता वर्दी परत करा लागंन."

मामाजी एकदम तडकले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "काहून परत करंन? तिले डावा खांदा नाई का?"

सगळी बस वळून पाहू लागली.

२८ डिसेंबर, रविवार

मामाजी माझ्यासोबत मैदानावर आले. पलटणीचा कोट घातला होता. गुलाब उस्तादांनी त्यांना पाहून टाच जोडली. दोघे लांब जाऊन बोलले. मी आणि मनकर्णा रायफलींना तेल लावता लावता कान देऊन होतो.

उस्ताद म्हणत होते, रायफलीचा बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागेपुढे करायचा दांडा, उजवीकडे असतो. डाव्या खांद्यावरून झाडली तर प्रत्येक गोळीनंतर डावा हात घोड्यावरून काढून वरून पलीकडे न्यावा लागेल. पाच गोळ्या एका मिनिटात झाडायच्या आहेत, कशा होणार?

मामाजी तिथेच मातीत पालथे झोपले. त्रेसष्टाव्या वर्षी, कोटासकट. रायफल पोत्यावर ठेवली, कुंदा डाव्या खांद्यात दाबला. डावा हात घोड्याजवळच राहिला. उजवा हात पुढून सोडला, मागे आणला, बोल्ट उघडला, लावला, पुन्हा पुढे नेला. नळीचा भार पोत्यावरच होता, ती हलली नाही.

उस्तादांनी वाकून पोत्यावरची नळी पाहिली. मग म्हणाले, "किताब में देखना पडेगा."

"पाहा ना," मामाजी कपडे झटकत म्हणाले. "मना लिहिलं असंन तं आमी घरी जातो."

३ जानेवारी १९८७, शनिवार

उस्तादांनी किताब पाहिली. मना लिहिलेलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

मामाजींनी बाभळीच्या लाकडाची रायफल करून दिली. वजनाला लोखंडी पट्टी ठोकली आणि बोल्टच्या जागी मोरीच्या दाराची कडी काढून बसवली. आता आंघोळीला जाणाऱ्याने आतून गाणं म्हणायचं, असा घरात नियम झालाय. उत्तमना एकच गाणं येतं. शेजारच्या लोकांनाही आता ते पाठ आहे.

सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. उजवा हात मागे, कडी वर, मागे, पुढे, खाली, हात पुढे. मामाजी बाजेवरून मोजतात. चुकलं की पुन्हा एकपासून. पण आवाज चढवत नाहीत. एकदा मीच कंटाळून म्हटलं, "मामाजी, तुम्ही पलटणीत पोरांवर ओरडत असाल ना?"

ते म्हणाले, "लय ओरडलो." आणि त्यानंतर त्या दिवशी मोजणं विसरले.

११ जानेवारी, रविवार

डाव्या खांद्यावरून पहिल्यांदा पाच गोळ्या. उस्तादांनी मला उजव्या टोकाला झोपवलं, कारण माझे पाय सगळ्यांच्या उलट्या बाजूला जातात.

माशी दिसली. इतकी काळी, इतकी स्वच्छ! टारगेटच्या गोलाची कडा दिसली. टारगेटच्या मागच्या मातीत एक मुंगसाचं बीळ आहे तेही दिसलं. आजवर मी कशावर गोळ्या झाडत होते कोण जाणे. पाचातल्या तीन टारगेटवर!

मनकर्णेने मला उचलून गिरकी घेतली. उस्तादांनी आम्हा दोघींना मैदानाला चक्कर मारायला लावले, पण एकच.

१८ जानेवारी, रविवार

हात अजून तेलाने चिकट आहेत, तरी आजच लिहून काढते.

कमांडर साहेब छिंदवाड्याहून आले. मला डावीकडे कुंदा लावताना पाहून थांबले. "ये क्या है?"

गुलाब उस्ताद कडक उभे राहिले. "साब, इनकी दाहिनी आंख काम नहीं करती. किताब में मना नहीं लिखा. मैंने दो बार पढा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "देखते हैं."

पहिल्या पाच सावकाशीच्या. चार बसल्या. मग पाच गोळ्या एका मिनिटात. शिट्टी झाली. पहिली, कडी, म्हणजे बोल्ट, दुसरी, बोल्ट, तिसरी. टक्. आवाजच नाही.

जुनं काडतूस फुसकं निघालं. आमच्या मनात शंभरदा भरवलंय की अशा वेळी बोल्ट उघडायचा नाही. उशिरानेही ते पेटू शकतं. नळी समोरच ठेवायची, हात वर करायचा आणि थांबायचं. मी हात वर केला. बाजूच्या सगळ्या धडाधड झाडत होत्या. मिनिट संपलं, त्या उठल्या, मी तशीच पडून, गाल लाकडाला लावून. उस्तादांनी मोजून वेळ जाऊ दिला, मग येऊन स्वतः बोल्ट उघडला. काडतूस मातीत पडलं.

साहेब म्हणाले, "तीन राउंड बाकी, तीस सेकंद."

आता मैदानावर मी एकटी झाडणार होते. एकवीस बायका मागे उभ्या, आणि इतकं शांत की टेकडीवर होल्याचं घुमणं ऐकू येत होतं. सगळ्यांत असताना कुठला आवाज कोणाचा ते कळत नाही. एकटीचा लगेच कळतो. छाती धडधडत होती, म्हणजे भीती खरंच होती या वेळी. मी ती होऊ दिली. माशी स्पष्ट होती, तेवढं मला पुरेसं होतं.

तीन गोळ्या झाल्या. शिट्टीला अजून वेळ होता.

टारगेटजवळून झेंडी हलली. उस्ताद धावत गेले, पाहिलं, धावत आले. साठीकडे झुकलेला माणूस सुटलेल्या पोटासकट धावत होता. "साब, कुल मिला के आठ!"

साहेबांनी वहीत लिहिलं. मग मला म्हणाले, "हाथ उठा के रुकी रही, वो मैंने आठ से ऊपर लिखा है."

घरी मामाजी दारातच उभे होते. मी सांगितल्यावर त्यांनी तीनदा विचारलं, "आठ?" आणि मग निंबाखाली जाऊन पाठ करून बसले. उत्तम म्हणाले, जाऊ दे, एकटं बसू दे.

२६ जानेवारी, सोमवार

परेड झाली. स्मिताने भर मैदानात "ते माही आई!" म्हणून ओरडून कवायत बिघडवली. मनकर्णा हसली, तिला चक्कर.

१ फेब्रुवारी, रविवार

जेवणं झाल्यावर मामाजी म्हणाले, "इंदू, एक गोष्ट सांगाची हाय."

१९५९ सालची गोष्ट. ते पलटणीत नव्या पोरांना नेम शिकवत. त्यात आपल्याच भागातला एक होता, तुळशीराम. त्याची एकही गोळी लागेना. तो रोज म्हणे, उस्ताद, दिसत नाही, धुरकट दिसते. मामाजींनी त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं, कामचोर म्हटलं. उन्हात रायफल डोक्यावर धरून पळवलं. शेवटी त्याचं नाव कटलं आणि तो घरी गेला.

"तू जेवताना तोच शब्द बोलली," मामाजी म्हणाले. "धुरकट. माह्या घशाखाली घास गेला नाई. अठ्ठावीस वर्सं मी त्याले भित्रा समजून राह्यलो."

"कुठे असतात ते?"

"रामाकोन्याले."

रामाकोना! इथून बसने जावं इतकं जवळ.

"साऱ्या जिल्ह्यात फिरलो," ते म्हणाले, "त्या गावाले नाई गेलो."

८ फेब्रुवारी, रविवार

आज मी, मामाजी आणि स्मिता रामाकोन्याला जाऊन आलो. बसमध्ये मामाजी दोनदा म्हणाले, पुढच्या रविवारी जाऊ. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तुळशीराम घराच्या ओट्यावर संत्र्याच्या कलमांना पाणी शिंपडत बसले होते. पन्नाशीच्या आत-बाहेर, सडपातळ. मामाजींना पाहून उठले. ओळखायला वेळ लागला नाही. अंगच सरळ झालं त्यांचं, आपोआप. "उस्ताद?"

मामाजी फाटकातच थांबले. बसमध्ये त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नसावं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे माही सून. हिच्या उजव्या डोयाले दिसत नाई. मी डोया झाकून पाह्यला. तुहा नाई पाह्यला मी, तुळशीराम. तू सांगत होता, आन मी तुले..."



तुळशीराम ओट्यावरून खाली उतरले. हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "दहा वर्सं राग होता. खोटं कायले बोलू. पोराइले सैन्याचं नाव काढू देत नव्हतो. गावात कोणी भेकड म्हटलं तं मारामारी केली म्या."

मामाजी मान खाली घालून ऐकत होते.

"माफ कर मले," मामाजी म्हणाले.

तुळशीराम फाटकापर्यंत आले, मामाजींचा दंड धरला आणि आत बायकोला आवाज दिला, "सुशीला, चार ताटं वाढ!" मग मामाजींना म्हणाले, "उस्ताद, एवढं बोलाले अठ्ठावीस वर्सं लावले. आता जेवाले उशीर नका करू."

वांग्याची भाजी होती आणि ज्वारीची भाकर. मामाजींनी दोनदा भाकर मागून घेतली.